बारावीच्या अर्थशास्त्रासाठी शिकवणी शोधताना

माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि अकरावीला तिने इंग्रजी माध्यमातून वाणिज्य शाखा घेतली. अकरावीच्या अर्थशास्त्रात लोकसंख्या, बेरोजगारी, दारिद्र्य, १९९१ पासूनच्या आर्थिक सुधारणा असे बरेचसे वर्णनात्मक धडे असल्यामुळे ते वर्ष पाठांतरावर निभावले. बारावीत मात्र उपयोगिता, मागणी, लवचिकता, निर्देशांक अशी आकृत्यांची आणि सूत्रांची प्रकरणे सुरू झाली, आणि गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलेल्या माझ्या मुलीला ती जड जाऊ लागली. तेव्हा केवळ या विषयासाठी शिकवणी लावायचे आम्ही ठरवले.

आम्ही भांडुपला राहतो. आमच्या भागातील ज्या क्लासमध्ये मी चौकशी केली, तेथे बहुतेक ठिकाणी प्रवेश सर्व विषयांचा मिळून होता. मुले येतात ती मुख्यतः अकाउंट्ससाठी आणि अर्थशास्त्र त्यातच धरलेले असते. काही ठिकाणी वर्षाचे शुल्क एकरकमी मागितले गेले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्ण शुल्क भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत करायचे असतात. याविषयी मी लेखी उत्तर मागत असे आणि ज्यांनी ते टाळले, त्यांचा विचार तेथेच सोडला.

मग घरगुती शिकवणीकडे वळलो. शिक्षक निवडताना पदवी आणि अनुभव विचारावा हे खरे. पण मला सर्वांत उपयोगी पडला तो एक प्रश्न, जो मुलीनेच तिच्या अडचणीतून काढला होता. गणपतीत दादरच्या फुलबाजारात झेंडूचा भाव चढतो आणि तरीही लोक नेहमीपेक्षा जास्त झेंडू घेतात. मग किंमत वाढली की मागणी घटते हा नियम कुठे गेला? नमुना तासाला आम्ही प्रत्येकाला हेच विचारले.

एका सरांनी ‘हा नियमाचा अपवाद आहे, लिहून घे’ एवढेच सांगितले. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका हुशार मुलाने उत्तर अचूक दिले, परंतु लगेच तो समवृत्ती वक्रांकडे (सारखेच समाधान देणाऱ्या दोन वस्तूंच्या जोड्या दाखवणाऱ्या रेषांकडे) गेला, जे तिच्या अभ्यासक्रमात नाहीत, आणि मुलगी तासभर नुसती ऐकत राहिली. मुलुंडच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने मात्र उत्तर दिलेच नाही. त्यांनी तिच्या हातात पेन्सिल दिली, मागणीचा वक्र काढायला लावला आणि विचारले, “भाव मुळीच बदलला नसता, तरी गणपतीत झेंडू जास्त खपला असता का?” ती हो म्हणाली. “मग ते वाढलेले नग याच रेषेवर दाखवता येतील का?” थोडा वेळ गेला आणि तिने स्वतःच उजवीकडे दुसरा वक्र काढला. किंमत बदलल्यामुळे त्याच वक्रावर होणारा विस्तार-संकोच आणि इतर कारणांनी सबंध वक्र सरकवणारी वृद्धी किंवा ऱ्हास, हा फरक तिला त्या संध्याकाळी समजला. भाव का चढला, हेही मग तिने पुरवठ्याचा वक्र काढून मला दाखवले. शिकवणे याला म्हणतात, असे मला मनापासून वाटते.

आम्ही मॅडमकडेच शिकवणी लावली. आठवड्यातून दोन संध्याकाळी, शुल्क महिन्याच्या अखेरीस, आणि भांडुपहून लोकलने मुलुंड जवळच असल्यामुळे ती एकटी जाऊन येते. समजावून सांगताना मॅडम मराठी वापरतात, पण उत्तर ती इंग्रजीतच लिहिते, कारण परीक्षा त्याच माध्यमातून द्यायची आहे. लेखी परीक्षा ८० गुणांची असून तीत विधानाशी सहमत आहात की नाही ते सकारण लिहायचे प्रश्न असतात, त्यामुळे दर आठवड्याला असे एक उत्तर लिहून न्यायचे आणि ते तपासून घ्यायचे, अशी अट मी सुरुवातीलाच मांडली होती. मॅडमनी ती आनंदाने मान्य केली. सध्या निर्देशांक, म्हणजे आधारवर्षाच्या तुलनेत किमती वगैरे किती बदलल्या ते दाखवणारे आकडे, चालू आहेत. लास्पेअरच्या सूत्रात आधारवर्षाचे नग घ्यायचे आणि पाश्चेच्या सूत्रात चालू वर्षाचे, हे तिने आमच्याच घरच्या किराण्याच्या जुन्या आणि नव्या बिलांवरून मांडले आणि दोन उत्तरे वेगळी का येतात, त्याचे कारण मॅडमना लिहून दिले.