खाली कोण?

४५ हे ६० च्या किती टक्के? वर ४५, खाली ६०, गुणिले १००. उत्तर ७५. आता उलटं विचारा: ६० हे ४५ च्या किती टक्के? आकडे तेच, उत्तर मात्र १३३.३३. भागाकार काय, फोनसुद्धा करून देतो. खरी मेख असते खाली कोणाला बसवायचं यात. टक्क्यांवरून होणारी निम्मी भांडणं या छेदापायीच होतात, असं माझं मत आहे. (ही ‘निम्मी’ अंदाजपंचे. मोजायला कोण बसलंय!)

१०० मध्ये २० टक्के वाढ केली, १२० झाले. मग २० टक्के घट केली, तर उरले ९६. मधले चार कुणी गिळले नाहीत. वाढ १०० वर मोजली आणि घट १२० वर, एवढंच. व्याजदर ४ टक्क्यांवरून ५ वर गेला की एक जण म्हणतो, एकच टक्का वाढला. दुसरा म्हणतो, पंचवीस टक्के वाढला! दोघंही खरे. कोण काय म्हणतो, ते त्याला तुम्हाला शांत करायचंय की घाबरवायचंय यावर ठरतं.

माझं आवडतं कोडं शेवाळाचं. १०० किलो ओलं शेवाळ, त्यात ९९ टक्के पाणी. उन्हात ठेवल्यावर पाणी ९८ टक्क्यांवर आलं. आता वजन किती? झटकन ‘९९ किलो’ असं तोंडात येतं. पण सुका भाग १ किलो होता, तो तसाच आहे. आधी तो १ टक्का होता, आता २ टक्के झाला. १ किलो म्हणजे २ टक्के, तर सगळं मिळून ५० किलो. टक्का एकच हलला आणि अर्धं वजन उडालं! हिशेब कळूनही हे पचायला जड जातं.

सगळेच छेद असे छळत नाहीत म्हणा. २५ चे १६ टक्के काढताना अडखळलात तर सरळ १६ चे २५ टक्के काढा, म्हणजे पाव भाग: ४. गुणाकारात अदलाबदल चालते, त्यामुळे हे कायम जमतं.

आणि फोनची बॅटरी? जुनी होऊन तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली, तरी चार्ज झाल्यावर पडद्यावर १०० च दिसतात. मग ५० दिसतात तेव्हा नव्या बॅटरीच्या हिशेबाने हातात ४० च असतात. आकडा खोटा नाही, खालचा छेद तेवढा गुपचूप आक्रसलाय.