सरासरी पगार, अण्णांचे निवृत्तिवेतन आणि काकांची पेन्शन

आमच्या घरातले दोघे 2016 साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणि धाकटे काका भोसरीतल्या एका लहान कारखान्यातून. ‘पेन्शनवाल्यांना घरी बसून कामकऱ्यापेक्षा जास्त मिळते’ हे वाक्य लग्नकार्यात कोणीतरी हटकून उच्चारतो आणि मला या दोघांची पासबुके आठवतात.

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार 2023-24 च्या सुमारास नियमित पगारदाराची सरासरी मासिक मिळकत साधारण 21,000 रुपये होती; स्वयंरोजगार करणाऱ्यांची त्याहून बरीच कमी. आपल्या ओळखीतल्या आयटीवाल्यांच्या पगारावरून ‘सरासरी’चा अंदाज बांधणाऱ्यांना हा आकडा लहान वाटतो, पण तुलना करायची ती याच्याशीच.

अण्णांचे सातव्या वेतन आयोगानुसार सुधारित झालेले शेवटचे मूळ वेतन 60,000 रुपये होते, म्हणून निवृत्तिवेतन त्याच्या निम्मे, 30,000 ठरले. जानेवारी 2024 पासूनच्या 50 टक्के महागाई वाढीने ते 45,000 झाले. त्यांनी 40 टक्के अंशराशीकरण केले, म्हणजे मूळ निवृत्तिवेतनाच्या तेवढ्या भागाची एकरकमी रक्कम आधीच घेतली, त्यामुळे पंधरा वर्षे दरमहा 12,000 वजा होतात आणि तेव्हा हातात 33,000 पडत होते, तरीही ही रक्कम सरासरी पगाराच्या दीडपटीहून अधिक होती. त्यांच्याबाबत ते वाक्य खरे आहे, हे अण्णाही नाकारत नाहीत.

काकांचा शेवटचा पगार 24,000 होता, म्हणजे सरासरीच्या वरचा. त्यांना पेन्शन मिळते सुमारे 2,400 रुपये. यात कोणी फसवले वगैरे काही नाही. कर्मचारी पेन्शन योजना 1995 चे सूत्रच तसे आहे. पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागायचे, आणि हे वेतन खऱ्या पगाराइतके नसून सरकारने ठरवलेल्या कमाल मर्यादेइतकेच धरायचे, जी ऑगस्ट 2014 अखेर 6,500 होती आणि 1 सप्टेंबर 2014 पासून 15,000 झाली. काकांची बहुतेक सेवा जुन्या मर्यादेखालची, त्यामुळे ती त्याच दराने मोजली गेली. 15,000 च्या मर्यादेवर पस्तीस वर्षे नोकरी केली तरी पेन्शन आठ हजारांच्या आतच राहते.

भविष्य निर्वाह निधीची एकरकमी रक्कम काकांनाही मिळाली, हे प्रामाणिकपणे मोजायला हवे. ती घराच्या कर्जात आणि मुलीच्या लग्नात गेली. अण्णांचाही फंड असाच खर्च झाला, पण त्यांच्यामागे दरमहाची रक्कम उभी होती.

मला मात्र सुरुवातीच्या आकड्यांपेक्षा त्यानंतरच्या वर्षांचा फरक मोठा वाटतो. अण्णांच्या रकमेत महागाई वाढ जमा होत राहते आणि वेतन आयोग आला की मूळ निवृत्तिवेतनही सुधारते. ते पगारांच्या मागोमाग, थोडे धापा टाकत का होईना, चालत राहते. काकांच्या योजनेत महागाई वाढ नाहीच. 2016 मधले त्यांचे 2,400 तेव्हाच्या पगाराचा दहावा हिस्सा होते. त्याच जागेवर आज काम करणाऱ्याचा पगार जसजसा वाढतो, तसतसा हा हिस्सा आपोआप बारीक होत जातो.

याच योजनेतली किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपये आहे, तर एका पैशाचीही वर्गणी न भरलेल्या निराधार वृद्धाला राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून 1,500 मिळतात. त्या वृद्धाचे 1,500 मला मुळीच जास्त वाटत नाहीत. पण वीस वर्षे ज्याच्या नावाने वर्गणी भरली गेली त्याला त्याहून कमी का, याचे उत्तर मला कोणत्याही परिपत्रकात सापडलेले नाही. या योजनेचा विचार करणाऱ्या राज्यसभेच्या कोश्यारी समितीने 2013 मध्येच किमान 3,000 ची शिफारस केली होती. काकांची पेन्शन किमान रकमेच्या दुपटीहून अधिक असूनही या आकड्याच्या खालीच आहे, आणि म्हणून ते अजून त्याच कारखान्याच्या मालकाकडे आठवड्यातून चार दिवस हिशेब लिहायला जातात.