बिझनेस क्लास काढताय? मग आधी विमान कुठलंय ते बघा

दर फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका हे फळांच्या व्यापाराचं प्रदर्शन असतं, त्यामुळे जानेवारी सरत आला की आमच्या नाशिककडच्या पिंपळगाव, दिंडोरी, ओझरकडची द्राक्षवाली मंडळी फोन करायला लागतात, आणि प्रश्न ठरलेला, भाऊ, कतार घेऊ का एमिरेट्स, का आपली एअर इंडिया? मी एका एक्स्पोर्ट कंपनीत कंटेनरचं काम बघतो पण साहेब लोकांची तिकिटं पण माझ्याच गळ्यात असतात, आणि कार्डाचे पॉईंट साठले की मधनंमधनं मी पण पुढच्या केबिनमध्ये जाऊन बसतो, म्हणून मला विचारतात.

माझं उत्तर दरवेळी एकच. कंपनीचं नाव ठेवा बाजूला, त्या फ्लाइटला विमान कुठलं लागणार ते सांगा.

कतारचंच घ्या. त्यांचं क्यूस्वीट २०१७ साली आलं आणि बिझनेस क्लासमध्ये दार असलेली केबिन लोकांना पहिल्यांदा नीट बघायला मिळाली. आत बसलं, सरकतं दार ओढून घेतलं की विषय संपला, बाजूच्याचं घोरणं सोडलं तर काही कळत नाही. मधल्या चार सीटच्या पार्टिशन खाली केल्या की चौघं समोरासमोर बसून जेवू शकतात, फॅमिली असेल तर मुलं जाम खूष. पण हे क्यूस्वीट त्यांच्या बोइंग सातशे सत्त्याहत्तरवर आणि एअरबस ए साडेतीनशेवर, ते पण सगळ्या नाही. सातशे सत्याऐंशीवर नाही, ए तीनशे तीसवर नाही, एवढं मोठं ए तीनशे ऐंशी, त्यावर पण नाही. म्हणजे मित्राने फोटो टाकला म्हणून तुम्ही तिकीट काढलंत आणि समोर आलं वेगळंच विमान, तर पैसे तेवढेच गेले ना.

एमिरेट्सचं तर दोन टोकं. ए तीनशे ऐंशीचा वरचा मजला म्हणजे मजा, बिझनेसला आडव्या ओळीत एक-दोन-एक अशी खुर्च्यांची मांडणी, मागे उभं राहून गप्पा मारायला बार, आणि फर्स्टवाल्यांना आकाशात शॉवर (पाणी पाच मिनिटांचं, जास्त स्वप्नं बघू नका). आणि त्याच कंपनीची जुनी सातशे सत्त्याहत्तर घेतली तर बिझनेसला दोन-तीन-दोन! तीनमधली मधली सीट आली की बाथरूमला जाताना शेजाऱ्याला एक्स्क्यूज मी म्हणायचं, बिझनेसचं भाडं भरून. आता नव्याने आतून बदललेल्या विमानांत एक-दोन-एक येतंय, म्हणून म्हणतो सीट मॅप उघडा आणि आडव्या ओळीत किती खुर्च्या आहेत ते मोजा, एवढं केलं तरी अर्धं काम झालं. ब्रिटिश एअरवेजचं पण तसंच, २००० साली बिझनेसला पूर्ण सपाट बेड त्यांनीच पहिल्यांदा दिला, पण त्या जुन्या क्लब वर्ल्ड केबिनमध्ये खिडकीच्या सीटवरून बाहेर पडायला शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागायचे. २०१९ पासून दारवालं क्लब स्वीट आलंय, ते मिळालं तर ठीक.

सिंगापूरवाल्यांची सर्व्हिस मला सगळ्यात आवडते, बहीण सिडनीला असते म्हणून त्यांच्याशी संबंध येतो. बुक द कूकमध्ये जेवण आधीच ठरवून ठेवायचं, ते पण झकास. फक्त त्यांच्या सातशे सत्त्याहत्तरची सीट झोपायला नुसती मागे जात नाही, पाठ पुढे उलटवून बेड करावा लागतो, आणि पाय एका कोपऱ्यातल्या खोबणीत घालून तिरकं झोपायचं. उंच माणसाला सांगून ठेवतो, सकाळी कंबर बोलते.

आता खरी गोष्ट, जी आपल्या नाशिककरांना जास्त लागू आहे. मुंबईहून आखातात जाणाऱ्या बऱ्याच फ्लाइट मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे. म्हणजे आपण घरून सात-आठला निघणार, कसारा घाट म्हणा की समृद्धी, मुंबईच्या टी टू टर्मिनलला पोचून चेक-इन, लाउंजमध्ये जेवण, आणि विमानात शिरेपर्यंत डोळे मिटायला लागलेले. दोहाला तीन-साडेतीन तासात उतरायचंय, त्यात टेक ऑफ, जेवणाचा ट्रे, लँडिंगची घोषणा, झोप किती झाली? दीड तास धरा. मग उतरा, सिक्युरिटी, परत लाउंज, आणि पुढची फ्लाइट सहा-सात तासांची पण दिवसाउजेडी. दोन्ही तुकड्यांचे पैसे बिझनेसचे, आणि बर्लिनला उतरलेला माणूस तरी डोळे चोळत.

म्हणून ज्याला दुसऱ्या दिवशी खरेदीदाराबरोबर मीटिंग आहे त्याला मी आधी सलग नऊ-दहा तासांची रात्रीची फ्लाइट बघायला सांगतो, लंडन नाहीतर फ्रँकफर्ट, शॅम्पेन कुठली देतात ते नंतर. लुफ्थान्साचं नवीन केबिन अॅलेग्रिस २०२४ मध्ये म्युनिकवरून सुरू झालं, पण जुन्या सीटची विमानं पण उडतायत, तिथे परत तेच, विमान बघा.

एअर इंडियाबद्दल विचारतात तेव्हा मी दोन मिनिटं थांबतो. त्यांच्या ए साडेतीनशेची केबिन चांगली आहे, बिझनेसला अठ्ठावीस स्वीट, सगळ्यांना दार, दिल्लीहून लंडन आणि न्यूयॉर्कला जातं. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्यात विलीन झाली. पण जुनी सातशे सत्त्याहत्तर पदरात पडली की सगळा अनुभव बदलतो. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेकडच्या फ्लाइटचा वेळ वाढला, झोपायला बरंच म्हणा! ओझरच्या नाशिक विमानतळावरून दिल्लीची फ्लाइट धरून पुढे जायचा विचार बरेच जण करतात, चालतं, पण दोन वेगळ्या पीएनआरवर, म्हणजे वेगवेगळ्या बुकिंगवर, बॅग दिल्लीत घेऊन परत टाकावी लागते आणि पहिली लेट झाली तर दुसरी कोणी थांबवत नाही.

जेवणाबद्दल एकच. जैन किंवा शाकाहारी जेवण हवं तर बुकिंगलाच कोड टाकून घ्या, व्हीजेएमएल म्हणजे जैन, एव्हीएमएल म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी. ऐनवेळी मागितलं तर कितीही भारी केबिन असू दे, सॅलड आणि ब्रेड मिळतो. आणि वर हवा कोरडी, केबिनचं प्रेशर डोंगरावरच्यासारखं, जिभेला मीठ-साखर कमीच लागते, त्यामुळे एरवी खारट वाटेल ती भाजी तिथे बरोबर लागते. आमच्या एका द्राक्षवाल्या काकांनी मात्र मेनूतल्या फळांच्या प्लेटमधली द्राक्षं चाखून लगेच मेसेज केला, "हे आपलं नाही, साल जाड आहे." मी लिहिलं, काका झोपा आता, उतरल्यावर बोलू.