सांगलीची आजी आणि कलम 29

आजी गेल्याचे कळले त्या दुपारी मी फ्रँकफर्टमधल्या कार्यालयात दोन दिवसांच्या रजेचा अर्ज केला आणि तो नियमावर बोट ठेवून परत आला. जर्मनीतील सार्वजनिक सेवेच्या वेतनकराराचे कलम 29 असे सांगते की, जोडीदार, मूल किंवा आई-वडील यांचे निधन झाल्यास दोन दिवसांची भरपगारी सुट्टी मिळेल. आजी-आजोबांचा त्यात उल्लेखच नाही. त्याच कलमात नोकरीची 25 वर्षे पूर्ण केल्याबद्दल एक दिवस आहे, आणि कार्यालयीन कारणाने दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवावे लागल्यास त्यासाठीही एक दिवस आहे. म्हणजे कपाटे आणि गाद्या ट्रकमध्ये चढवण्यासाठी एक दिवस, आणि जिच्या कुशीत मी पाचवीपर्यंत झोपलो तिच्यासाठी शून्य.

नियम सांगणाऱ्या बाई अत्यंत सौजन्याने बोलल्या आणि वार्षिक रजेतून हवे तितके दिवस घ्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या सह्यांचे सांत्वनपत्रही माझ्या टेबलावर आले. वर्षाला 30 दिवसांची रजा हातात असताना दोन दिवसांसाठी एवढा त्रागा कशाला, असे पत्नीने विचारले, आणि हिशेबाच्या दृष्टीने तिचे म्हणणे बरोबर होते. पण वार्षिक रजेच्या अर्जावर कारण लिहावे लागत नाही, आणि मला ते लिहायचे होते. आपल्याकडे सख्ख्या आजीचे सूतक नातवाला दहा दिवस असते. आपल्या सरकारी कचेऱ्यांतही याच्यासाठी निराळी रजा नसते, किरकोळ रजाच टाकावी लागते, हे मला ठाऊक आहे. तरीही तिथला साहेब आधी ‘जा’ म्हणतो आणि कागद मागाहून पाहतो, असे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने मात्र अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. त्याच्या आजीचा दफनविधी निधनानंतर जवळजवळ तीन आठवड्यांनी झाला होता आणि सगळी नातवंडे पोचली होती. तुम्ही लोक त्याच दिवशी एवढी घाई का करता, असे त्याने विचारले. मी हवामानाचे कारण सांगितले, शास्त्र सांगितले, आणि मुंबईला उतरल्यावरही सांगलीपर्यंत रात्रभराचा प्रवास उरतो हेही सांगितले. आजीला कृष्णाकाठी अग्नी दिला तेव्हा मला विमानाचे तिकीटही मिळाले नसते, हे खरेच आहे.

आजीला स्वतःला नात्यांच्या अशा कोष्टकांचे फारसे कौतुक नव्हते. सुना, नातसुना, जावयांचे भाऊ, सगळ्यांचे वाढदिवस तिला पाठ असत, पण तिच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग शाळेतल्या तीन मैत्रिणींचा होता. एक गावभागात, एक हरिपूरला, एक मिरजेत आणि आजी विश्रामबागेत, अशा चौघींची भिशी होती. चिठ्ठी कोणाचीही निघो, पैसे मात्र प्रवासासाठीच वापरायचे, हा त्यांचा नियम होता आणि तो कोणी मोडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा सात दिवसांचा पास काढून त्यांनी पंढरपूर, तुळजापूर, गणपतीपुळे, सगळे पालथे घातले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि आजीचा फिरकीचा तांब्या, एवढी त्यांची शिदोरी असे. तांब्याचे झाकण फक्त आजीलाच नीट उघडता येई, त्यामुळे तहान लागली की बाकीच्या तिघींना तिच्याशी भांडण मिटवावे लागे.

पावसाळ्यात नरसोबाच्या वाडीला कृष्णेचे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडू लागले, म्हणजे दक्षिणद्वार झाले, की आजोबांना चहा देता देताच ती पिशवी भरायला घेई. आजोबा पुराची भीती घालत. ती म्हणे, पूर आला तर मंडळी तिथेच आहेत की.

ऑगस्ट 2019 मध्ये मात्र पूरच घरी आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी असताना पाणी 57 फुटांच्या वर गेले आणि गावभाग बुडाला. तिथली मैत्रीण नेसत्या लुगड्यानिशी आजीकडे आली आणि पुढचे काही आठवडे आमच्याकडेच राहिली. त्या दिवसांतले व्हिडिओ कॉल मला आठवतात: पडद्याच्या एका कोपऱ्यात आजी, दुसऱ्या कोपऱ्यात त्या, आणि आमटीत चिंच घालायची की आमसूल यावरचा वाद, ज्यात मी फ्रँकफर्टमध्ये बसून न्यायाधीश व्हावे अशी दोघींची अपेक्षा.

26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास राज्यभर मोफत झाला, तेव्हा आजीने शून्य रुपयांचे पहिले तिकीट फोटो काढून मला पाठवले. मिरजेच्या मैत्रिणीला पंचाहत्तरीसाठी अजून काही महिने होते, म्हणून तिला अर्धे तिकीट काढावे लागे आणि बाकीच्या तिघी तिला ‘पोर’ म्हणत. इथे मे 2023 मध्ये 49 युरोंचा देशभर चालणारा मासिक पास निघाला तेव्हा कार्यालयात त्याचे फार कौतुक झाले. मी सर्वांना सांगितले की माझी आजी फुकट फिरते. इथली बस ठरल्या मिनिटाला येते आणि आजी स्थानकावर दीड-दीड तास बसून असे, हे मी सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती, कारण त्या दीड तासात तिने शेजारच्या बाईचे माहेर, सासर आणि गुडघेदुखी यांची इत्थंभूत माहिती काढलेली असे.

मैत्रिणीला सूतक नसते. तरीही गावभागातल्या आजींनी दहा दिवस गोड खाल्ले नाही आणि मुलाने समजावायला सुरुवात केली तेव्हा त्याला गप्प बसवले, असे बाबांनी सांगितले. तेराव्यानंतर त्यांचाच मला फोन आला. भिशी चौघींचीच राहणार, आजीची जागा माझ्याकडे आली आहे, आणि दिवाळीनंतर हंपीला जायचे ठरले आहे, असे त्यांनी एका दमात सांगितले. हंपी कर्नाटकात असल्याने एसटीची सवलत हद्दीपर्यंतच मिळणार, म्हणून या खेपेला हप्ता वाढवला आहे. मी इतक्या लांबून येईनच असे सांगता येत नाही, असे म्हणून पाहिले. त्यावर, यायचे की नाही ते नंतर बघू, पैसे दहा तारखेच्या आत बाबांकडे पोचले पाहिजेत, उशीर झाला तर आजीलाही दंड होता, असे उत्तर मिळाले.