सैल गुंडाळलेला दोर

ओढा ओलांडून चढाला लागलो आणि डाव्या बाजूची दोन्ही चाकं एक्सलपर्यंत चिखलात बसली. मागची गाडी अजून ओढ्यापलीकडेच होती, त्यामुळे सगळी भिस्त बंपरमधल्या विंचवर, म्हणजे मोटरने ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढणाऱ्या यंत्रावर. विंच ९,५०० पौंडांची, म्हणजे साधारण ४,३०० किलोची, आणि भरलेली गाडी अडीच टनांच्या आत. गाडीच्या भरल्या वजनाच्या निदान दीडपट ताकद हवी, तेवढी नक्कीच होती.

दहा मीटरवर भक्कम झाड होतं. बुंध्याला जमिनीलगत रुंद पट्टा लावला, त्यात शॅकल (जोडणीची लोखंडी कडी), शॅकलमध्ये दोराचा हूक. (दोर थेट झाडाला गुंडाळू नका. साल सोलते आणि दोरही खराब होतो.) दोरावर मधोमध ओलं जाड जॅकेट टाकलं, सगळ्यांना लांब उभं केलं आणि बटण दाबलं. गाडी हातभर सरकली, मोटरचा आवाज बसला आणि दोर ड्रमवरच्या खालच्या वेढ्यांत घुसून अडकला.

चूक माझीच. मागच्या सहलीनंतर दोर धुऊन मी तो नुसता बटण दाबून, ताण न देता गुंडाळला होता. खालचे वेढे सैल असले की ताण पडताच वरचा वेढा त्यांच्यात शिरतो. तो मोकळा करण्यात पाऊण तास गेला. एक जण रिमोटवर, दुसरा ड्रमपासून दोन-तीन मीटर लांबून हातमोजे घालून ओढणार. ड्रमजवळ हात कोणीच न्यायचा नाही.

दुसऱ्यांदा आधी फावडं घेतलं. चाकांपुढचा चिखल काढला की ओढायचं ओझं खूप कमी होतं, आणि हे काम टाळायचा मोह सगळ्यांनाच होतो. मग झाडाला कप्पी लावून दोर परत आणला आणि हूक गाडीच्याच पुढच्या टो-पॉइंटला, म्हणजे गाडी ओढण्यासाठी दिलेल्या कडीला, अडकवला. वेग निम्मा झाला, पण ओढ जवळपास दुप्पट. शिवाय वीस मीटर दोर बाहेर गेल्यामुळे ड्रमवर थर कमी उरले. विंचवर लिहिलेली ताकद फक्त पहिल्या थराची असते; थर वाढेल तशी ती घटत जाते. पण सगळा दोरही सोडायचा नाही. वायर रोपचे (पोलादी तारेच्या दोराचे) किमान पाच, सिंथेटिक धाग्यांच्या दोराचे आठ-दहा वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत.

इंजिन चालू ठेवलं होतं. पूर्ण ओझ्याखाली अशी विंच ४०० अँपिअरच्या आसपास करंट खाते. इंजिनवर वीज तयार करणारा अल्टरनेटर एवढा देऊच शकत नाही, बाकीचा भार बॅटरीवर पडतो. म्हणून अर्धा मिनिट ओढायचं, मग मोटर आणि बॅटरी दोघांना विश्रांती. पहिल्या गिअरमध्ये चाकं हळू फिरवत मदत केली, पण गाडी दोराच्या पुढे धावू दिली नाही. दोर सैल पडून झटका बसला की काहीतरी तुटतं. वीस मिनिटांत वर आलो.

घरी आल्यावर दोर पूर्ण बाहेर काढून साध्या पाण्याने धुतला, सावलीत वाळवला, तुटलेले धागे बोटांनी चाचपले. मग हलक्या चढावर झाडाला बांधून, ब्रेक किंचित दाबत गाडीच दोरावर ओढून घेतली. अशाने वेढे घट्ट आणि शेजारी-शेजारी बसतात. बॅटरीचे टर्मिनल उघडून पाहिले, तर एक ढिला निघाला! तेव्हापासून महिन्यातून एकदा विंच थोडी चालवतो आणि सहलीआधी टर्मिनल आवळतो.

या वाटेने जाणार असाल तर चढाची उजवी कड धरा, तिथे खाली दगड आहे. मागच्या गाडीला तिकडूनच आणलं, ती न थांबता वर आली.