गिरनारची पौष पौर्णिमा

रविवारी रात्री साडेअकराला गुजरातमधल्या गिरनार पर्वताच्या तळेटीला, म्हणजे पायथ्याशी, पहिल्या पायरीवर डोकं टेकवलं, तेव्हा चंद्र माथ्यावर होता. पौर्णिमा पहाटे पाचनंतर लागणार होती, पण उजेड इतका की बॅटरी पिशवीतच राहिली. १३ जानेवारी २०२५ ला पौष पौर्णिमा आणि सोमवार एकत्र येत होते, म्हणजे कमंडलू कुंडावर दर सोमवारी पेटणाऱ्या धुनीचंही, त्या पवित्र अग्नीचंही दर्शन. म्हणून आम्ही बावीस जणांनी चार महिने आधीच जुनागढची तिकिटं काढून ठेवली होती.

सुरुवातीच्या पायऱ्या झाडीतून जातात. काठीचा ठोका, पायरीवर पडलेली आपलीच सावली आणि मागून-पुढून "जय गिरनारी". नाम घेतच चढायचं ठरवलं होतं. पण आमच्यातल्या एका काकांनी मोबाइलवर मोठ्याने भजनं लावली, ती जैन मंदिरं आली तरी बंद होईनात. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझा आवाज चढला. मग पुढच्या शंभर पायऱ्या मनात त्यांच्याशी भांडत चढले आणि 'दिगंबरा दिगंबरा' कुठे सुटलं ते कळलंच नाही.

पौष पौर्णिमा हा अंबाजी देवीचा प्राकट्यदिन, वाटेत तिचं मंदिर लागतं. तिला बाहेरूनच हात जोडले. गोरक्षशिखर म्हणजे गुजरातमधली सर्वांत उंच जागा, १,११७ मीटर. तिथल्या वाऱ्याने कानटोपीतूनही कान दुखायला लागले. मग उतार, पुन्हा चढ.

गुरुशिखरावर दत्त महाराजांच्या पादुकांसमोर डोकं टेकवलं आणि लगेच "चला, चला" झालं. आईचा नमस्कार सांगायचा राहिला. तिचे गुडघे गेलेत, निघताना तिने एवढंच सांगितलं होतं. बाहेर पश्चिमेला चंद्र पिवळा होऊन खाली आला होता. मला राग आला होता, रडू येत नव्हतं. ते आलं खाली कमंडलू कुंडावर, धुनीसमोर. प्रसादाचं ताट हातात होतं आणि शेजारच्या अनोळखी बाई काही न विचारता माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

परतताना अंबाजीपासून बाकीचे रोपवेने गेले. तो २०२० पासून आहे आणि ज्याला गरज आहे त्याने खुशाल वापरावा. माझं मात्र जाऊन-येऊन पायी असं बोललेलं होतं.

जैन मंदिरांच्या खाली उजवा गुडघा धरला. ऊन चढलं होतं, पायऱ्या तापल्या होत्या, अंगठ्याखाली फोड फुटून मोजा चिकटला होता. पाय खाली टाकला की गुडघ्यात सुरी फिरवावी तशी कळ. एका पायरीवर बसले ती बसलेच. माणसं "जय गिरनारी" म्हणत पुढे जात होती. आता मला त्या शब्दांचीही चीड यायला लागली होती.

कठड्याला रिकामी डोली टेकवून दोघे डोलीवाले बसले होते. त्यातले थोरले उठून आले. मी म्हटलं, "डोली नको, दादा." ते काही बोलले नाहीत. खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी पाण्याने भिजवलं, पिळलं आणि माझ्या हातात दिलं. गुडघ्याच्या वर एक वेढा, खाली दोन, कसं बांधायचं ते स्वतःच्या गुडघ्यावर करून दाखवलं. मग मला उठवून आडवं उभं केलं. "त्रांसा पग मूको, बेन. धीमे धीमे." म्हणजे पाय तिरका टाकायचा, काठी आधी खालच्या पायरीवर, भार तिच्यावर, मग दुखरा पाय. दहा-बारा पायऱ्या ते माझ्यापुढे उलटे उतरले, हात पुढे धरून, पण मला न धरता. त्यांच्या उजव्या खांद्यावर दांड्याने पडलेला घट्टा होता, लिंबाएवढा, काळा, चकचकीत. पैसे पुढे केले तर मान हलवून वर निघून गेले. फडकं परत मागितलं नाही.

खाली पोचायला चार वाजले. हकीकत ऐकून सगळे म्हणाले, "अगं, दत्त महाराजच आले ते!" मी मान डोलावली नाही. महाराजांवर माझी श्रद्धा आहे, पण तो घट्टा महाराजांच्या खांद्यावरचा नव्हता. आयुष्यभर माणसं वाहून एका माणसाच्या खांद्यावर तो पडलाय, आणि नाव न विचारता मी खाली आले याचं मला वाईट वाटतंय.

दुसऱ्या दिवशी गाडीतच संक्रांत झाली, कुणीतरी तिळगूळ वाटला. भजनवाल्या काकांनी मला दोन वड्या दिल्या, मी घेतल्या.

फडकं धुतलंय. आईने ते उशाशी घेतलंय, गुडघ्याला बांधत नाही, नुसतं ठेवते. पुढच्या पौष पौर्णिमेला परत न्यायचंय, तोवर राहू दे म्हटलं तिच्याकडे.