नामचे ते पांगबोचे: यतीच्या मागावर

नेपाळमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणारे बरेच गट नामचेतला उंचीची सवय करण्याचा दिवस एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत चढून, फोटो काढून संपवतात. त्याच दिवशी पलीकडे खुमजुंगला (३,७९० मीटर) उतरा. नामचेहून (३,४४० मीटर) स्यांगबोचेच्या धावपट्टीपर्यंतचा चढ छातीवर येतो. तिथून वाट सोपी आहे. रमतगमत अडीच तास धरा.

खुमजुंगच्या गोंपात (बौद्ध मठात) यतीची, म्हणजे हिममानवाची, म्हणून जपलेली टाळू (डोक्यावरची केसांसकट कातडी) आहे: शंकूसारखी, वर राठ तांबूस-तपकिरी केस. ती कुलुपात असते आणि किल्लीवाला दुपारी शेतावर किंवा नामचेला गेलेला असू शकतो, म्हणून सकाळीच पोचा, नाहीतर गावातल्या लॉजवर चौकशी करा. चपला बाहेर काढायच्या, प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, फोटो विचारून. दानपेटीसाठी सुटे नेपाळी रुपये जवळ असू द्या.

१९६० साली एडमंड हिलरी गावाकडून ही टाळू उसनी घेऊन शिकागो, पॅरिस, लंडनला गेले. गावातले खुमजो चुंबी सोबत होते. ती सेरो या डोंगरी प्राण्याचं कातडं साच्यावर ताणून बनवल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. गावाने तरी ती टाकली नाही, आणि ते योग्यच केलं. पुढच्याच वर्षी हिलरींनी इथे शाळा उभी केली. गोंपाबरोबर तीही पाहा.

पांगबोचेचा गोंपा वरच्या वस्तीत आहे. रुळलेली वाट खालच्या वस्तीतून जाते, त्यामुळे तो हमखास चुकतो. तेंगबोचेहून येताना वरचा फाटा विचारून घ्या. इथला ‘यतीचा हात’ १९९०च्या दशकात चोरीला गेला, आता प्रतिकृती आहे. त्या हाताचं म्हणून लंडनला पोचलेलं बोट २०११च्या डीएनए चाचणीत माणसाचं निघालं.

आता पाऊलखुणा. १९५१ साली ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर शेजारी आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) ठेवून टिपलेल्या ठशाने यती जगभर पोचला. २०१९ साली भारतीय सेनेने मकालू बेस कॅम्पजवळच्या ३२ बाय १५ इंचांच्या खुणांचे फोटो प्रसिद्ध केले. एवढे आकार येतात कुठून? एक तर उन्हाने ठशाच्या कडा वितळतात आणि ठसा पसरतो. दुसरं म्हणजे अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर अर्धवट पडतो आणि दोन्ही मिळून एक लांबलचक पाऊल दिसतं. अस्वलाचं सर्वांत मोठं बोट बाहेरच्या बाजूला असतं, माणसाचं आतल्या. त्यामुळे अस्वलाचा डावा ठसा चटकन माणसाच्या उजव्या पायाचा वाटतो. बोटांपुढे नखांची टोकं शोधा.

ठसा दिसला तर ऊन चढण्याआधी टिपा. कॅमेरा बरोबर वरून, शेजारी मोजपट्टी. नसेल तर ट्रेकिंग पोल, पण त्याच्या खुणांमधलं अंतर ठाऊक हवं. काठी टाकून फक्त लांबी कळते, खोली नाही. ती वेगळी मोजा. एकट्या ठशावरून काहीच ठरत नाही. निदान आठ-दहा पावलांची रांग, दोन पावलांतलं अंतर आणि उताराची दिशा नोंदवा. ठशात पाय घालून तुलना करू नका, कडा मोडतात. तेंगबोचेच्या रानात मात्र बहुतेक माग याक, कुत्रा, थार (रानबोकड) किंवा कस्तुरीमृगाचेच निघतात.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधारवर विसंबू नका.